हरितगृहातील गोगलगायींचे नियंत्रण : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : हरितगृह, शेडनेट, रोपवाटिका, शंखी गोगलगाय, ग्रीष्मनिद्रा, मृदा-सौरीकरण

प्रस्तावना :

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण वरकरणी गरीब, पण आतून वेगळ्याच असणाऱ्या माणसाबद्दल वापरली जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती तंतोतंत खरी आहे. या प्राण्याचे पोट आणि पाय हे एकच स्नायुमय अंग असते व त्यावरूनच त्याच्या वर्गाला 'उदरपाद' हे नाव मिळाले. म्हणीतील दुसरा अर्थ मात्र रोपवाटिका चालविणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने कळतो. सायंकाळी तजेलदार दिसणारी मिरचीची, वांग्याची किंवा सागाची रोपे सकाळी देठापासून कुरतडलेली आढळतात आणि गुन्हेगार मात्र कुठेच दिसत नाही.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाला २००५-०६ मध्ये प्रारंभ झाल्यानंतर महाराष्ट्रात पॉलिहाऊस व शेडनेटगृहांचा प्रसार वेगाने झाला. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे या बाबतीत नाशिक-पुण्याच्या बरोबरीचे नाहीत. तथापि येथे हरितगृहाचे एक वेगळे व महत्त्वाचे रूप आढळते, ते म्हणजे रोपवाटिका. वनविभाग, १९७४ मध्ये स्थापन झालेले वनविकास महामंडळ, सामाजिक वनीकरण, महिला बचत गट, कृषी विज्ञान केंद्रे आणि महाविद्यालयांची वनस्पती उद्याने या सर्वांकडे हिरव्या जाळीखाली वाढणारी रोपे असतात. ही रोपे जून-जुलैत पिशवीतील मातीसह गावोगावी जातात. त्यामुळे येथील हरितगृहातील गोगलगायीचा प्रश्न केवळ चार भिंतींच्या आतील नुकसानीपुरता उरत नाही, तर रोपाबरोबर गोगलगायही वाटली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कारणमीमांसा व या भागाच्या हवामानाला अनुरूप अशा उपायांचे विवेचन केले आहे.

ओळख : कोण शत्रू, कोण शेजारी?

गोगलगाय दिसली की ती मारली पाहिजे, असा समज सार्वत्रिक असला तरी तो बरोबर नाही. पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश आहे. माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांमध्ये पायला, बेलामिया यांसारख्या गोड्या पाण्यातील गोगलगायी विपुल असतात. त्यांचा हरितगृहातील रोपांशी काहीही संबंध नाही. जंगलातील पालापाचोळ्यात राहणाऱ्या अनेक देशी प्रजाती कुजलेली पाने व बुरशी खाऊन मातीत अन्नद्रव्ये परत करण्याचे काम करतात. गडचिरोली जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक भूभागावर वनाच्छादन असल्यामुळे या मूक कामगारांची संख्या मोठी आहे. त्यांना शत्रू ठरवून सरसकट विष पसरणे हे शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय नाही.

हरितगृहाला त्रास देणारे तीन गट प्रामुख्याने लक्षात घ्यावे लागतात. पहिला, चपट्या, चकचकीत, तपकिरी शंखाची मॅक्रोक्लामिस इंडिका ही देशी प्रजाती. ती भारतातील बागा व भाजीपाल्यात सर्रास आढळते. दुसरा, बिनशंखी गोगलगायी. यांत काळसर, चिवट कातडीची व मूळची आफ्रिकेतील लेव्हिकॉलिस अल्टी ही प्रमुख होय. शंख नसल्यामुळे ती कुंडीच्या तळाच्या छिद्रातूनही आत शिरते. तिसरी आणि सर्वांत घातक म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिस्साकॅटिना फुलिका. तिचा शंख लांबट, शंकूसारखा, तपकिरी पट्ट्यांचा असतो. सामान्यतः तो ५ ते १० सेंमी. लांब असला तरी क्वचित २० सेंमी.पर्यंतही वाढतो.

ही तिसरी प्रजाती भारतात आली ती एका शास्त्रज्ञाच्या हौसेमुळे. १८४७ मध्ये शंखशास्त्राचे अभ्यासक विल्यम हेन्री बेन्सन यांनी मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने कलकत्त्यास आणले व ते चौरंगी भागातील एका बागेत सोडले गेले. पुढील पावणेदोनशे वर्षांत ती देशाच्या बहुतेक भागांत पोहोचली. महाराष्ट्राला तिच्या विध्वंसाची खरी जाणीव २०२२ च्या खरिपात झाली. त्या वर्षी लातूर, बीड आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे तिने फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा, भद्रावती, राजुरा या पश्चिमेकडील तालुक्यांतही सोयाबीन हे खरिपातील महत्त्वाचे पीक आहे. मराठवाड्याचा तो अनुभव येथील रोपवाटिकांनी आपलाच समजणे शहाणपणाचे ठरते.

हरितगृह म्हणजे बाराही महिने श्रावण :

गोगलगायीच्या शरीराचा फार मोठा भाग पाण्याचा बनलेला असतो आणि चालताना ती सतत चिकट स्राव गाळत असल्यामुळे पाणी गमावत असते. म्हणून ओलावा हाच तिच्या जीवनाचा नियंता आहे. चंद्रपुरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी उघड्यावरील गोगलगाय मातीत, दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत शिरते, शंखाचे तोंड पांढरट पडद्याने बंद करते व ग्रीष्मनिद्रेत जाते. पहिल्या मृगाच्या सरींनी ती जागी होते. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की तिच्या हालचाली पुन्हा मंदावतात. म्हणजे निसर्गाने या प्रदेशात तिला खाण्यासाठी व प्रजननासाठी जेमतेम चार-पाच महिने दिले आहेत.

हरितगृह नेमका हाच लगाम काढून घेते. जाळीमुळे ऊन निम्म्यावर येते, ठिबक व फॉगर यांमुळे माती आणि हवा सतत ओली राहते, वाऱ्याचा वेग मंदावतो आणि कोवळे खाद्य कधीच संपत नाही. बाहेर वैशाख असला तरी आत श्रावण असतो. परिणामी ग्रीष्मनिद्रेचा काळ आक्रसतो आणि वर्षाकाठी होणाऱ्या अंडी घालण्याच्या खेपा वाढतात. आफ्रिकन गोगलगाय उभयलिंगी असल्यामुळे प्रत्येक प्रौढ प्राणी अंडी घालू शकतो. एका खेपेस साधारणतः १०० ते ४०० अंडी घातली जातात आणि अशा अनेक खेपा वर्षभरात होतात. एकदा मिळालेले शुक्राणू ती दीर्घकाळ साठवून ठेवते. त्यामुळे आत शिरलेली एकच प्रौढ गोगलगायसुद्धा पुरेशी ठरते.

यासंबंधी अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरण बोलके आहे. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून येताना तीन गोगलगायी मायामीत आणल्या व त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांची संख्या अठरा हजारांवर गेली आणि १९७५ मध्ये उच्चाटन जाहीर होईपर्यंत शासनाला दहा लाख डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. २०११ मध्ये ती तेथे पुन्हा सापडली. ती मोहीम २०२१ मध्ये संपते न संपते तोच २०२२ मध्ये राज्याच्या दुसऱ्या भागात तिचे पुनरागमन झाले. साधनसंपन्न यंत्रणेची ही कथा असेल, तर बचत गटाच्या रोपवाटिकेने उच्चाटनापेक्षा प्रवेशबंदीवर भर देणे अधिक व्यवहार्य होय.

नुकसानीचे निदान :

चुकीचे निदान हे या प्रश्नातील सर्वांत खर्चिक प्रकरण आहे. पानांना पडलेली वेडीवाकडी छिद्रे पाहून अळी समजून कीटकनाशक फवारले जाते, रोप कोलमडलेले पाहून मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी केली जाते आणि दोन्ही प्रयत्न वाया जातात. गोगलगाय हा कीटक नसून मृदुकाय प्राणी असल्यामुळे कीटकांसाठी शिफारस केलेली बहुतेक औषधे तिच्यावर फारशी परिणाम करीत नाहीत. उलट, तिला खाणारे भुंगेरे मात्र त्या फवारणीत मरतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात पिशव्यांवर, जाळीच्या खांबांवर व पानांवर वाळलेल्या स्रावाच्या चंदेरी रेषा दिसतात. अळीच्या खाण्याबरोबर तिची गोल काळसर विष्ठा पडलेली असते, तर गोगलगायीची विष्ठा दोरीसारखी लांबट असते. तरीही शंका उरली तर सूर्यास्तानंतर दोन तासांनी विजेरी घेऊन एक फेरी मारावी. या एका फेरीतून जे कळते ते दिवसभराच्या निरीक्षणातून कळत नाही.

प्रवेशाचे मार्ग :

गोगलगाय चालत फार लांब जात नाही. ती माणसाच्या हाताने प्रवास करते. रोपवाटिकेत ती येते ती शेणखतातून, जंगलातून आणलेल्या पालापाचोळ्याच्या मातीतून, दुसऱ्या रोपवाटिकेतून आलेल्या कुंड्यांतून, आच्छादनासाठी आणलेल्या धानाच्या तणसातून आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून. तिची अंडी ४ ते ५ मिलिमीटर आकाराची, पिवळसर पांढरी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी दिसतात व मातीत काही सेंमी. खोलीवर पुंजक्याने असतात. खताच्या ढिगात ती सहज नजरेतून सुटतात.

म्हणून आणलेली माती व खत थेट पिशव्यांत भरू नये. या ठिकाणी चंद्रपूरचा कुप्रसिद्ध उन्हाळा मित्र ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत माती व शेणखताचे मिश्रण एक वीतभर जाडीच्या थरात पसरून हलके ओले करावे आणि त्यावर पारदर्शक पॉलिथिन घट्ट ताणून कडा मातीने दाबून टाकाव्यात. चार ते सहा आठवड्यांत आतील तापमान अंडी, पिल्ले, तणांचे बी आणि अनेक रोगकारक बुरशी यांना असह्य होते. मृदा-सौरीकरणाची ही पद्धत इस्राएलमधील कतान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. तिला लागणारे कडक ऊन आपल्याकडे फुकट मिळते आणि तरीही तिचा वापर अपवादानेच होतो, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे. पॉलिथिन काळे नव्हे, पारदर्शकच हवे. काळ्या पॉलिथिनखाली उष्णता पृष्ठभागावरच अडते व मातीत खोलवर उतरत नाही.

बाहेरून आलेली रोपे तीन आठवडे वेगळ्या, कोरड्या जागी ठेवून मगच आत घ्यावीत. जाळीचा खालचा काठ जमिनीवर लोंबता न ठेवता सुमारे ३० सेंमी. खोल गाडावा. सभोवताली दीड-दोन मीटर रुंदीचा पट्टा तणमुक्त, उन्हात तापणारा व कोरडा ठेवावा. हरितगृहाच्या भिंतीलगत फुटक्या कुंड्या, विटा, लाकडी फळ्या आणि रिकाम्या पिशव्यांचे ढीग रचण्याची जी सर्वत्र दिसणारी सवय आहे, ती गोगलगायींना धर्मशाळा बांधून देण्यासारखी आहे.

आतील व्यवस्थापन :

एकही पैसा खर्च न करता होणारा सर्वांत परिणामकारक बदल म्हणजे पाणी देण्याची वेळ. सायंकाळी पाणी दिले की रात्रभर पृष्ठभाग ओला राहतो आणि रात्रीच संचार करणाऱ्या या प्राण्याला मोकळे रान मिळते. तेच पाणी पहाटे किंवा सकाळी दिले तर दुपारपर्यंत वरचा थर सुकतो व रात्री तिची हालचाल अवघड होते. फॉगर सूर्यास्तापूर्वी दोन-तीन तास बंद करणे, रोपांच्या रांगांत हवा खेळती ठेवणे आणि गळके नळ दुरुस्त करणे याही गोष्टी त्यातच येतात.

नाजूक रोपे जमिनीवर न ठेवता लोखंडी मांडणीवर ठेवावीत. पूर्वी घरोघरी मुंग्यांपासून बचावासाठी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. तीच युक्ती येथे चालते. वाटीत मिठाचे पाणी ठेवल्यास डासांची अंडीही वाढत नाहीत. मात्र हे मीठ वाटीतच राहिले पाहिजे. गोगलगायीवर मीठ फेकण्याची प्रथा सर्वपरिचित असली तरी वारंवार फेकलेले मीठ पिशवीतील माती क्षारयुक्त करते आणि गोगलगायीने सोडलेले रोप मिठाने मरते.

वेचणी हा कंटाळवाणा, पण आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे, पपईची साल किंवा कोबीची जून पाने संध्याकाळी रांगांमध्ये ठेवावीत व सूर्योदयापूर्वी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कराव्यात. परदेशी पुस्तकांतून बिअरच्या सापळ्याची शिफारस हमखास आढळते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्यामुळे हा सल्ला येथे हास्यास्पद ठरतो. त्याची गरजही नाही. गोगलगायीला आकर्षित करतो तो आंबण्याचा वास. गूळ, पाणी, धानाचा कोंडा आणि चिमूटभर यीस्ट एकत्र करून रात्रभर ठेवले की तोच वास तयार होतो.

वेचणीसाठी वर्षातील दोन काळ विशेष मोलाचे आहेत. पहिला, मृगाच्या पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस. या वेळी निद्रेतून उठलेल्या भुकेल्या प्रौढ गोगलगायी उघड्यावर येतात आणि त्यांनी अद्याप त्या हंगामातील अंडी घातलेली नसतात. दुसरा काळ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ऐन मे महिना. पाणी बंद केलेल्या रिकाम्या शेडनेटगृहात खांबांना, फळ्यांच्या खालच्या बाजूला व कोपऱ्यातील भुसभुशीत मातीत त्या तोंड बंद करून निजलेल्या असतात. निजलेली गोगलगाय शोधायला वेळ लागतो, पण ती कुठे जात नाही.

हा प्राणी उघड्या हातांनी कधीही उचलू नये. आफ्रिकन गोगलगाय उंदरांच्या फुप्फुसातील अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस या सूत्रकृमीची मध्यस्थ वाहक आहे व हा कृमी माणसात मेंदूच्या आवरणाचा दाह निर्माण करू शकतो. रोपवाटिकेत वेचणीचे काम बहुधा रोजंदारीवरील स्त्रिया करतात आणि हातमोजे ही त्यांना शेवटी मिळणारी वस्तू असते. हातमोजे किंवा चिमटा, काम झाल्यावर साबणाने हात धुणे आणि जाळीखालील पालेभाजी स्वच्छ धुऊन शिजवणे, या अटींशिवाय वेचणीची शिफारस करणे जबाबदारीचे नाही. गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा तीव्र मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून माराव्यात आणि नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. त्या रस्त्याकडेला फेकणे म्हणजे शेजाऱ्याला भेट देणे होय.

लोकप्रिय उपायांची पारख :

अंड्यांची टरफले, तांब्याची पट्टी, भरड वाळू, झाडाच्या सालीचे तुकडे असे अनेक 'घरगुती अडथळे' सुचवले जातात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत असे पाच अडथळे लेट्यूसच्या रोपांभोवती वापरून पाहिले असता उपाय न केलेल्या रोपांच्या तुलनेत नुकसानीत लक्षणीय फरक आढळला नाही. चुन्याची वा राखेची रेघ कोरडी असेपर्यंत काम करते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी परिसरात धान गिरण्यांची राख मुबलक मिळते व मांडणीच्या पायांभोवती, कोरड्या जागी तिचा उपयोग होतो. पण ठिबकच्या थेंबाखाली टाकलेली राख सकाळपर्यंत चिखल झालेली असते.

युरोपात १९९४ पासून फॅस्मऱ्हॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा हा गोगलगायींना मारणारा सूत्रकृमी बाजारात आहे. थंड, ओल्या मातीत काम करणारा हा जीव विदर्भाच्या उष्णतेत टिकाव धरणार नाही. जैविक नियंत्रणाच्या नावाखाली परका भक्षक आणण्याचे परिणाम तर इतिहासात नमूद आहेत. आफ्रिकन गोगलगायीच्या बंदोबस्तासाठी हवाईत १९५५ मध्ये व पुढे १९७७ मध्ये मूरिया बेटावर युग्लँडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने मोठ्या शत्रूऐवजी बेटावरील लहान, देशी पार्टुला गोगलगायींचा जवळजवळ संपूर्ण फडशा पाडला. आपल्याकडे भारद्वाज पक्षी, काजव्यांच्या अळ्या, भुंगेरे आणि बदके हे देशी भक्षक आधीपासून काम करीत आहेत. काजवे हे केवळ ज्येष्ठातील रात्रीचे सौंदर्य नसून त्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

रासायनिक उपायांत मेटाल्डिहाइडच्या २.५ टक्के गोळ्या भारतात प्रामुख्याने वापरल्या जातात. या द्रव्यामुळे गोगलगाय प्रमाणाबाहेर स्राव सोडते व कोरडी पडून मरते. मात्र हवा दमट असेल तर काही गोगलगायी पुन्हा पाणी शोषून सावरतात. म्हणजे फॉगर चालू असलेल्या हरितगृहात या गोळ्यांची परिणामकारकता कमी होते. गोळ्या टाकलेल्या रात्री आतील हवा कोरडी ठेवणे आणि सकाळी निपचित पडलेल्या गोगलगायी गोळा करणे अपरिहार्य असते. या गोळ्या कोंड्यात बनविलेल्या असल्यामुळे कुत्री, कोंबड्या व जनावरे त्या आवडीने खातात आणि विषबाधा होते. ग्रेट ब्रिटनमध्ये वन्यजीवांवरील परिणामांमुळे त्यांच्या उघड्यावरील वापरास २०२२ पासून मनाई आहे. अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या गडचिरोलीच्या गावात त्या वापरायच्याच असतील तर बंद दाराच्या आत, नारळाच्या करवंटीखाली झाकून, वेष्टनावरील मात्रेतच वापराव्यात व उरलेल्या गोळ्या उचलून घ्याव्यात. अनेक देशांत सेंद्रिय शेतीसाठी मान्य असलेले फेरिक फॉस्फेट हे त्या मानाने सौम्य आहे. ते खाल्लेली गोगलगाय खाणे थांबवून लपून मरते, त्यामुळे ते वापरणाऱ्याला 'परिणाम दिसत नाही' असे वाटते.

रोपे बाहेर जाण्यापूर्वी :

महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. अशा प्रत्येक मोहिमेत पिशवीतील रोपे हजारो ठिकाणी जातात आणि त्यांतील बरीच ठिकाणे जंगलाच्या कडेला असतात. रोप गाडीत चढविण्यापूर्वी पिशवीचा तळ, बाजू व पानांची खालची बाजू तपासणे, पिशवीतील वरचा इंचभर मातीचा थर हलवून अंड्यांचे पुंजके पाहणे आणि संशयित पिशव्या बाजूला काढणे यासाठी एका रोपाला अर्धा मिनिट पुरतो. हजार रोपांना तो एका मजुराचा पूर्ण दिवस होतो. रोपवाटिकेच्या अंदाजपत्रकात पिशव्या, माती, खत, पाणी व वाहतूक यांसाठी स्वतंत्र तरतूद असते, तशी तपासणीच्या या दिवसासाठीही असावी लागेल. महाविद्यालयांच्या वनस्पती व प्राणिशास्त्र विभागांना येथे एक सहज करता येण्याजोगे काम आहे. जून ते ऑक्टोबर या काळात आठवड्यातून एकदा ठराविक दहा गोणपाटांखालील गोगलगायी विद्यार्थ्यांकरवी मोजून, प्रजातीनुसार नोंदवही ठेवली, तर कोणत्या रोपवाटिकेत आफ्रिकन गोगलगाय पोहोचली आहे आणि कोणत्या अद्याप मुक्त आहेत हे दोन-तीन हंगामांत कळू शकेल. मुक्त असलेल्या रोपवाटिकांची यादी हाती आली, की पुढच्या वर्षीची रोपे कोठून उचलायची हे ठरविता येते.